मरायचं काम

थोरलीने दाभण गादीच्या कडेत खुपसून तसंच उभं ठेवलं, मांडीवरचा कापूस झटकला आणि दिराकडे पाहिलं.

"परत सांगा, भाऊजी. माझ्या सुनेनं काय केलं म्हणता?"

दीर निवृत्त हेडमास्तर. आयुष्यभर पोरांवर ओरडलेला माणूस, पण आज शब्द दातांच्या बाहेर यायला तयार नव्हता. त्याने शेजारी बसलेल्या मुलाला कोपराने ढोसलं. मुलगा म्हणजे चांगला तिशीचा बाप्या. मोबाईलमध्ये तोंड घालून तो म्हणाला, "काकू, तो नवा गेम आलाय ना, त्यात एक सीन आहे. बाई आणि पुरुष. म्हणजे... खोलीतला. त्यातल्या बाईला आवाज वहिनीचा आहे. मी लगेच ओळखला."

"ओळखशीलच. परीक्षेत कधी उत्तर ओळखलं नाहीस, हे बरं ओळखलंस."

तिचा स्वतःचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, पलीकडे गादीचं कापड बेतत होता. त्याची कात्री थांबली.

सून आवाज द्यायची. गेममधली माणसं पडद्यावर मरतात, पण त्यांच्यासाठी किंचाळायला कुणीतरी जिवंत माणूस लागतं, ते तिचं काम. मागल्या खोलीतल्या मोठ्या कपाटात माईक लावून ती उभी राहायची. बाहेरचा आवाज आत जाऊ नये म्हणून थोरलीनेच कपाटाला आतून गाद्या शिवून दिल्या होत्या. काम यायचं ते मरणाच्या प्रकाराप्रमाणे यायचं. आज उंचावरून पडून, उद्या जळून, परवा बुडून. एकदा मरून भागायचं नाही. कानातल्या यंत्रातून पलीकडचा माणूस सांगायचा, छान, आता जरा हळूहळू मरा. थोरलीला त्याचं कोण कौतुक. गादी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ती ऐकवायची, "मरावं तर आमच्या सुनेनं." दीरसुद्धा जिन्यातून उतरताना हसून विचारायचा, "काय सूनबाई, आज कशानं गेलात?"

आणि आता तोच म्हणत होता, "वहिनी, चार लोकांत मान खाली घालायची वेळ आली. हे काम बंद झालं पाहिजे. आजपासून."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नवऱ्यामागे हे दुकान तिने दातांनी धरून ठेवलं होतं. तिच्या घरातल्या बाईचं काम कुणी वरच्या मजल्यावरून खाली येऊन बंद करायचं?

"लाव तो गेम," ती पुतण्याला म्हणाली. "मोठ्या टीव्हीवर लाव."

"तो सीन? सगळ्यांसमोर?"

"तो मागून. आधी तिला मारतोस तो लाव."

मधल्या खोलीत सगळे बसले. सुनेने चहा आणून ठेवला आणि ती आत निघून गेली. पुतण्याची बोटं सराईतपणे फिरू लागली. पडद्यावरच्या अंधाऱ्या बोळात एका बाईला त्याने भिंतीशी गाठलं, गळा धरला. बाई सुनेच्या आवाजात किंचाळली, मग घरघरली, मग तिच्या टाचा फरशीवर घासत राहिल्या. दिराने चहात बिस्किट बुडवलं.

"बटण सोडून परत दाबलं ना, की वेगळा आवाज येतो," पुतण्या उत्साहाने म्हणाला. "ऐका."

ऐकलं सगळ्यांनी. दिराचं बिस्किट चहात पडलं, तेवढंच काय ते नुकसान.

"आता तो दुसरा."

दुसऱ्यात एक दिवा होता, एक पांघरूण होतं. बाई हसली. पुरुषाच्या कानाशी काहीतरी बोलली. मग एक लांब, निवांत श्वास. दीर फरशीकडे बघायला लागला. सुनेच्या नवऱ्याचे कान लाल झाले. पुतण्याने घाईने आवाज बंद केला.

"का रे? आता नाही का बटण सोडून परत दाबत?"

"वहिनी, पुरे."

"पुरे कसं, भाऊजी? मघाशी तिचा जीव चालला होता, तुम्ही बिस्किट शोधत होता. आता ती हसली तर तुमची अब्रू गेली. गळा दाबलेला चालतो, गळ्यात पडलेलं चालत नाही. मेलेल्या बाईची लाज वाटत नाही तुम्हाला, सुखात असलेली बघवत नाही. आणि असली अक्कल तुम्ही शाळेत वाटत होता?"

दिराने चष्मा काढला, पुसला, परत घातला. वाद वहिनीशी होता आणि त्यात आजवर कोणी जिंकलेलं नव्हतं.

"बरं, तुमचा शब्द मोडत नाही," तो म्हणाला. "काम चालू राहू दे. फक्त हे असलं घेऊ नको म्हणावं. मारामारीचं घे, मरायचं घे. त्याला आम्ही कधी आडवे आलोय?"

"हे बरं झालं," सुनेचा नवरा पहिल्यांदाच बोलला. "मरायचंच करेल ती."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. थोरलीच्याही. ती पदर खोचत आत गेली ती लढाई जिंकून आल्यासारखी.

सून मोरीत उभी होती. नळ पूर्ण सोडलेला, बादली भरून वाहत होती आणि तिचे दोन्ही हात कानांवर होते. थोरलीने नळ बंद केला.

"वाचवलं तुझं काम. तेवढं एक सोड, बाकी सगळं कर म्हणतात."

सुनेने हात खाली घेतले.

"म्हणजे परत मरायचंच?"

आवाज फाटलेला होता. घसा बसलाय, गरम पाणी पी, असं थोरली तिला कितीतरी दिवस सांगत आली होती. आत्ताही ते तोंडाशी आलं होतं.

"ते दुसरं मीच मागून घेतलं होतं, आई," सून म्हणाली. "म्हटलं, त्या कपाटात एक दिवस तरी मला कुणी मारायला नको."

सुनेचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याशी गेला होता आणि तिथेच राहिला होता. थोरली त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने पाण्याची बादली उचलून बाजूला ठेवली आणि बाहेर आली.

दीर दारात एक चप्पल घालून दुसरी पायाने चाचपत होता.

"चला, मिटलं एकदाचं, वहिनी."

"कुठं मिटलं?" थोरली म्हणाली. "चपला काढा आणि आत बसा. मरायचं काम तिनं सोडलंय. आता त्या दुसऱ्याचं बोलू."