पहिल्या पानावरची जागा

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांसाठीच्या एका ॲप स्टोअरवर सूनबाई ‘गाळणी’ या नावाने वावरायची. काम बिनपगारी: आलेली ॲप्स उघडून तपासायची आणि पहिल्या पानावरच्या मोजक्या जागा कुणाला द्यायच्या ते ठरवायचं. पहिल्या पानावर नसलेलं ॲप कुणाच्या दृष्टीस पडत नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. गाळणी म्हणजे कोण, हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ‘जरा आमचंही बघ’ म्हणणाऱ्यांची तिला धास्ती होती.

आणि नेमकं सासऱ्यांचंच ॲप आलं. त्यांचा सगळा जन्म शाळेची वेळापत्रकं जुळवण्यात गेला होता. निवृत्तीनंतर ते प्रोग्रामिंग शिकले आणि वेळापत्रक आखणारं ॲप करून बसले. एखाद्या शाळेने ते वापरावं, एवढंच त्यांचं म्हणणं. खरं तर तिने ते दुसऱ्या कुणाकडे सोपवायला हवं होतं. पण मग नातं सांगावं लागलं असतं. म्हणून तिने ते स्वतःकडेच ठेवलं आणि कुणी बोट दाखवू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून तपासलं. अक्षर बारीक, ॲप परत पाठवलं. चित्र धूसर, परत. विंडो अरुंद केली की ‘जतन करा’चं बटण गायब, परत.

दर वेळी सासरे जेवताना गाळणीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आणि मग उत्तर लिहून सुनेपुढे ठेवत.

“जरा सौम्य कर गं. मी लिहिलं की भांडण वाटतं.”

ती इमानेइतबारे ‘खडूस’ काढून ‘काटेकोर’ घालायची.

एकदा त्यात नवाच मुद्दा निघाला. “त्या मोठ्या कंपनीचं मीटिंगचं ॲप बघ. विंडो अरुंद केली की त्यांचंही बटण गायब होतं. ते बसलंय पहिल्या पानावर ठाण मांडून. माझ्याच बटणाने काय घोडं मारलंय?”

सुनेने ते ॲप उघडलं. बटण खरंच गायब होत होतं. ते पास तिनेच केलं होतं, न उघडता, कारण कंपनी नावाजलेली. तिला स्वतःची लाज वाटली. तिने तपासनीसांच्या गटाला सगळं कळवून टाकलं: वेळापत्रकवाले माझे सासरे आहेत आणि मीटिंगचं ॲप मी उघडलंच नव्हतं. गटप्रमुखाने मीटिंगचं ॲप खाली उतरवलं आणि सासऱ्यांचं एका नव्या तपासनीसाकडे दिलं. त्याचा शेरा चहा निवायच्या आत आला: छान आहे. सासरे पहिल्या पानावर झळकले.

पण स्क्रीनकडे बघताना त्यांचा चेहरा काही खुलेना.

“याने उघडलंच नाही,” ते म्हणाले.

“कशावरून?”

“शनिवारी एकाच वर्गावर दोन शिक्षक येतात. मला कालच दिसलं. गाळणीने पहिल्या फटक्यात धरलं असतं. लिही त्याला, एकदा नजर टाका म्हणावं.”

“बाबा, गाळणी मीच.”

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“म्हणजे तुला दिलेल्या शिव्या मी तुझ्याकडूनच सौम्य करून घेत होतो.”

“हो.”

“मग ‘खडूस’ काढायला नको होतंस.”

“नकोच होतं.”

ते पुन्हा स्क्रीनकडे वळले. मग म्हणाले, “पानावरून उतरवता येतं का?”

“येतं. पण परत जागा मिळेलच असं नाही. आणि आता तुमचं ॲप मला तपासता यायचं नाही.”

“तिथे नको तपासू, इथे तपास. शनिवारी दोन मास्तर एका फळ्यापुढे भांडत उभे राहिले, तर ते पहिलं पान घेऊन मी काय करू?”

त्यांनी शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली.

दुसऱ्या दिवशी, जागा रिकामी बरी दिसत नाही म्हणून, गटप्रमुखाने तिथे पुन्हा मीटिंगचं ॲप लावलं. सासऱ्यांनी विंडो अरुंद करून पाहिली. बटण गायब.

“त्यांच्या घरात कुणी सून नाही वाटतं,” ते म्हणाले.