सातव्या थरातली वीट

वाचनालयाच्या दर्शनी भिंतीला तडा गेला, म्हणून दाराच्या वरून सुरू होणाऱ्या विटांच्या नक्षीचे वरचे तीस थर उतरवावे लागले. खालचे बारा शाबूत होते. वरची नक्षी कशी होती याचा नकाशा आज चारपर्यंत द्या, नाहीतर सपाट गिलावा करू, असं समितीनं आर्किटेक्टबाईंना बजावलं होतं. भिंत या बाईंच्याच वडिलांनी बांधलेली. ते गवंडी, जाऊन नऊ वर्षं झाली. नकाशा त्यांनी जन्मात काढला नव्हता.

नियम मात्र लेकीला तोंडपाठ होता. प्रत्येक वीट खालच्या दोन विटांवर बसते. वडील त्या दोघींना जावा म्हणत. दोघी आत किंवा दोघी बाहेर, म्हणजे जावांचं पटतंय. वरची वीट आत. एक आत, एक बाहेर, म्हणजे बिनसलंय. वरचीनं बोटभर नाक पुढं काढायचं. एवढ्यावर तिरप्या उन्हात सावल्यांचे त्रिकोणावर त्रिकोण चढत जात. विटांना डोळा लावून बसलेल्याला ते दिसत नसत, म्हणून आई रस्त्यावर उभी राहून "पटतंय!", "नाही पटत!" असं ओरडायची. येणारेजाणारे हसायचे.

तिनं नियम कॉम्प्युटरला दिला. उभ्या भिंतीशी सहा थर बरोब्बर जुळले. सातव्यात दारावरची एक वीट आत हवी होती. भिंतीत ती बाहेर. तिथून वर सगळा घोळ. साडेतीन वाजले होते. तिनं आईला फोन लावला.

"नियमात आणखी काही होतं का गं?"

"काही नाही. कुठं अडलं?"

"सातवा थर. दारावरची वीट."

आई खुदकन हसली. "अगं, त्या सकाळी तुझ्या काकूशी माझं वाजलं होतं. एका पातेल्यावरून. ह्यांनी वरून विचारलं, जावांचं पटतंय का? मी म्हटलं, या जन्मात नाही पटायचं!"

"आणि बाबांनी वीट बाहेर काढली."

"सिमेंटचा माल घट्ट धरल्यावर त्यांना कळलं, मी माझं बोलत होते. म्हणाले, असू दे, आता तिला धरूनच पुढं जाऊ." आईचा आवाज उतरला. "काकू गेली गं तुझी. आता तरी ती आत घे."

"आत घेतली तर वरची भिंत बाबांची राहत नाही, आई."

लेकीनं ती वीट बाहेर मांडली. उरलेले पाच थर मुकाट्यानं जुळले, आणि वरचे तीस भराभर उगवत गेले. चारला पाच कमी असताना नकाशा गेला. तळाशी टीप होती: खालच्या बारा थरांत कोणतीही दुरुस्ती करू नये.