काळ्यातली निळी झाक

कार्डाच्या मागे, उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा एक ठिपका होता. मोहरीच्या दाण्याहून लहान, आणि इतक्या हलक्या हाताने दिलेला की कार्ड खिडकीशी तिरपं धरलं तरच शिशाची चमक दिसायची. ज्याला ठाऊक नाही त्याला तो पुठ्ठ्यातलाच एखादा कण वाटला असता. असा ठिपका भिंतीवरच्या त्रेचाळीस कार्डांना होता. आकडा मार्थीझला पाठ होता, कारण प्रत्येक ठिपका तिने स्वतः दिलेला होता.

सेंट ऑल्बन्सच्या त्या वर्कशॉपमध्ये झेराफांचा एक जुना नियम होता. गाडीला रंग मारण्याआधी तो एका कार्डावर मारायचा, वाळू द्यायचा, सकाळी दहा वाजता दक्षिणेच्या खिडकीत आणून गाडीच्या पत्र्याला लावून बघायचा. इथे दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो, म्हणून त्या खिडकीत ऊन कधी येत नाही आणि उजेड दिवसभर एकसारखा असतो. जुळला तर कार्डामागे गाडीचं नाव आणि तारीख लिहायची आणि कार्ड समोरच्या भिंतीवर टांगायचं. पस्तीस वर्षांची कार्डं तिथे होती. लाल, पांढरी, निळी होतीच, पण पपांचा जीव काळ्यांच्या रांगांवर. तिथे डांबरासारखा सपाट काळा होता. उन्हात तपकिरी पडणारा जुन्या गाड्यांचा काळा होता. धातूची भुकटी मिसळलेला काळा सावलीत कोळसा दिसायचा आणि उजेडात राखाडी व्हायचा. मोतिया काळा मान तिरकी केली की जांभळा दिसायचा. अगदी खालच्या रांगेत चमक नसलेले, आजकालच्या पोरांना आवडणारे काळे. पपा त्यांना शाळेची पाटी म्हणत. अशी गाडी करून मागणाऱ्या एका गिऱ्हाइकाला ते म्हणाले होते, "पाटी देतो रंगवून, खडू तुझा तू आण."

पपा म्हणजे स्पिरू झेराफा, वय एकाहत्तर. माल्टाहून बोटीने आले तेव्हा अकरा वर्षांचे होते. मोठेपणी मोटारींच्या कारखान्यात रंगाच्या खात्यात लागले आणि तिथून बाहेर पडून त्यांनी हे वर्कशॉप काढलं. मार्थीझ त्यांची एकुलती एक मुलगी. ती रसायनशास्त्र शिकली, अकरा वर्षं एका रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत होती, आणि आई आजारी पडली तेव्हा घरी परत आली. आई, व्हितोरिन, गेली. मार्थीझ वर्कशॉपमध्येच राहिली.

तिच्याकडे रंग मोजायचं एक यंत्र होतं, हातात मावेल एवढं. पत्र्याला टेकवलं की ते झाक किती आणि कुठल्या बाजूची ते आकड्यात सांगायचं. पपांना ते मुळीच आवडत नसे. गाडी जुनी झाली की तिचा रंग उतरतो, कंपनीचं सूत्र कामाला येत नाही, तिथे डोळाच लागतो, हे त्यांचं म्हणणं खरंही होतं. "तुझ्या त्या डबीला विचार, मला आज भूक लागली आहे का," असं ते म्हणायचे. त्यामुळे ती यंत्र त्यांच्यामागेच वापरायची.

पहिला ठिपका दोन वर्षांपूर्वीचा. आई गेल्यावर चाळीस दिवस पपांनी वर्कशॉपचं दार उघडलं नव्हतं. एकेचाळिसाव्या दिवशी एक चार दारांची काळी सलून गाडी आली आणि ते उठले. रंग कालवून, कार्ड मारून, जुळला म्हणून ते जेवायला घरी गेले. मार्थीझने सहज यंत्र लावून पाहिलं. रंगात निळा जास्त होता. फार नाही, पण उन्हात दार आणि बॉनेट वेगळी दिसली असती इतका नक्की. माणूस दुःखात आहे, हात हलला असेल, असं तिने मनाशी ठरवलं. डब्यात पिवळ्या मातीच्या रंगाचे चार थेंब आणि थोडा काळा टाकून तिने तो जादा निळा दाबला, नवं कार्ड करून जुन्याच्या जागी ठेवलं आणि मागे ठिपका दिला. पपा परतले, त्यांनी कार्ड पाहिलं, गाडी रंगवली. कित्येक आठवड्यांनंतर त्या दिवशी त्यांनी शीळ घातली होती.

सांगायचं तर त्याच दिवशी सांगायला हवं होतं. दुसऱ्या वेळी सांगणं थोडं अवघड झालं, दहाव्या वेळी फारच. ती प्रत्येक वेळचा आकडा एका वहीत लिहून ठेवायची, कारण मोजलं की लिहायचं ही तिची सवय होती. निळा वाढत चालला होता, दर दोन-तीन महिन्यांनी थोडा. वहीत ते स्पष्ट दिसत होतं. ती लिहायची आणि वही मिटायची.

मग गेल्या महिन्यात तिला ताप आला आणि ती तीन दिवस अंथरुणात होती. नेमकी तेव्हाच अंत्ययात्रांचा व्यवसाय चालवणाऱ्या ग्लेनिस प्रिचर्डची शववाहिका आली. प्रिचर्डांच्या सगळ्या गाड्या पस्तीस वर्षं पपांच्याच हातच्या. ग्लेनिसच्या वडिलांना असा काळा हवा होता जो कबरस्तानातल्या कडक उन्हात तपकिरी पडणार नाही, आणि पपांनी त्यांच्यासाठी निळ्याची एक बारीकशी झाक असलेला काळा बनवला होता. त्याचं सूत्र कुठेही लिहिलेलं नव्हतं. व्हितोरिनही त्याच गाडीतून गेली होती. एका खांबाला घासून डावीकडचं मागचं दार खराब झालं होतं आणि शुक्रवारी गाडी लागणार होती. पपांनी एकट्याने दार केलं.

शुक्रवारी माती होती विस्टिन फारुजाची. विस्टिन म्हणजे पपांचा कारखान्यापासूनचा दोस्त. चर्चबाहेर सगळी जुनी मंडळी जमली होती, अर्धे तरी त्याच रंगखात्यातले. मे महिन्याचं उतरतं ऊन शववाहिकेवर सरळ पडलं होतं. ताप उतरून मार्थीझ कशीबशी आली होती, आणि दहा पावलांवरून तिला दार दिसलं. सगळी गाडी काळी आणि ते एक दार गडद निळं, शाईत बुडवून काढल्यासारखं.

तिने आजूबाजूला पाहिलं. प्रत्येकाला दिसत होतं. ज्यांनी तीस-तीस वर्षं पत्र्यावरची चूक पकडायचाच पगार घेतला, ती माणसं दाराकडे बघत होती आणि मग बुटांकडे. पपा मात्र दाराशेजारीच उभे होते, त्याच्यावर हात ठेवून, जसं कुणी आपल्या घोड्यावर ठेवतं.

शेवटी त्यांच्यातल्याच सालवूला राहवलं नाही. त्याच्या तोंडाला कधीच लगाम नव्हता.

"काय रे स्पिरू, विस्टिनने जाताना वेगळं दार मागून घेतलं का?"

पपा हसले. सालवू काहीतरी खोडी काढतोय असंच त्यांना वाटलं. "तुझ्या वेळेला चारही वेगळी लावतो, लेका," ते म्हणाले. कुणीच हसलं नाही. पपांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुढच्या दाराकडे. ते खाली वाकले, दोन्ही दारांच्या फटीवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ तसेच बघत राहिले. ग्लेनिस पुढे आली आणि हळूच म्हणाली की निघायची वेळ झाली. तिने रंगाचा विषय काढला नाही. आजही काढलेला नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर पपा स्वतःहून म्हणाले की डोळे दाखवून येऊ.

डॉक्टर सेनारत्ने शांत बाई होत्या. त्यांनी दोन्ही डोळे तपासले, पडद्यावर ठिपके दाखवून बटण दाबायला लावलं, रंगांच्या गोल चकत्या ओळीने मांडायला दिल्या. पपांनी निळ्याच्या आणि हिरव्याच्या चकत्या अशा काही मिसळल्या की मार्थीझने नजर वळवली. डॉक्टर म्हणाल्या की डोळ्यांच्या नसा बऱ्याच सुकल्या आहेत आणि कडेची नजरही कमी झाली आहे. जे गेलं ते परत येत नाही, राहिलंय ते थेंबांनी धरून ठेवता येतं. काचबिंदू म्हणावा, तर डोळ्यातला दाब फारसा वाढलेला नाही. म्हणून एक गोष्ट त्यांना नक्की कळायला हवी होती. हे हळूहळू होत गेलं, की अचानक?

"अचानक," पपा म्हणाले. "गेल्या महिन्यापर्यंत माझा एकही काळा चुकलेला नाही. दोन वर्षांत त्रेचाळीस गाड्या केल्या. माझी भिंत येऊन बघा."

डॉक्टरांनी मार्थीझकडे पाहिलं. मार्थीझने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. अचानक असेल तर मग डोक्यात काही वाढतंय का ते आधी बघावं लागेल, डॉक्टर म्हणाल्या, थेंबांचं नंतर ठरवू. गुरुवारी दुपारी मोठ्या हॉस्पिटलमध्ये मेंदूचं स्कॅन ठरलं.

मधे सहा दिवस होते. बुधवारी पपांनी मृत्युपत्राची फाइल काढून टेबलावर ठेवली, आणि कबरस्तानाची पावतीही. आईच्या शेजारची जागा त्यांनी तेव्हाच घेऊन ठेवली होती.

गुरुवारी सकाळी ते नेहमीसारखे वर्कशॉपला आले. शववाहिका दुरुस्तीसाठी परत आली होती. दाराला घासकाम करून करड्या प्रायमरचा हात दिलेला होता. काळ्या गाडीला ते एकच करडं दार. पपा स्टूल घेऊन भिंतीसमोर बसले. मार्थीझने त्यांच्या हातात काचेच्या पेल्यातला चहा दिला आणि बाजूला उभी राहिली.

"थीझ," ते म्हणाले. घरात तिला थीझच म्हणत. "डोक्यात काही निघालं तर ग्लेनिसला सांग, माझ्या वेळेला दारं एका रंगाची असू देत. सालवू बघायला येणार."

तिला हसू आलं नाही. तिला वही आठवत होती. निळ्याचा पहिला आकडा आणि त्रेचाळिसावा आकडा, आणि मधली चढत गेलेली ओळ. रंग ओळखता न येणं हे डोळ्याच्या नसेचं पहिलं लक्षण असू शकतं, हे ती कधीकाळी शिकली होती, परीक्षेत लिहिलंही होतं. तिच्याजवळ दोन वर्षांचं मोजमाप होतं, कुठल्याही डॉक्टरने हातात धरून आभार मानले असते असं. आणि ते तिने पपांनी त्या दिवशी घातलेल्या शिळेवरून ओवाळून टाकलं होतं. पहिल्या ठिपक्याच्या दिवशी ती बोलली असती तर थेंब त्याच महिन्यात सुरू झाले असते. आणि आज ते इथे मरणाची तयारी करून बसले नसते.

सांगितलं तर दुसरंही काहीतरी जाणार होतं. या माणसाला वाटत होतं की बायको गेल्यावरही आपला काळा टिकून राहिला. खालून दुसरी आणि तिसरी रांग, ठिपक्यांच्या कार्डांची, त्यांची नव्हतीच.

"तुझ्या आईला कळायचं गं," पपा भिंतीकडे बघत म्हणाले. "कार्ड तिला दाखवलं की रंगाचं नाव नाही सांगायची. ओल्या दगडासारखं आहे म्हणायची, नाहीतर कावळ्यासारखं. पण चुकलेलं बरोबर ओळखायची. ती असती तर त्या शुक्रवारच्या आधीच मला म्हणाली असती." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तोंडावर म्हणाली असती."

दहाला पाच मिनिटं होती. दक्षिणेच्या खिडकीतला उजेड भिंतीवर सारखा पसरला होता. मार्थीझ पुढे झाली. खालून दुसऱ्या रांगेतलं डावीकडचं पहिलं कार्ड तिने खिळ्यावरून काढलं. त्या काळ्या सलून गाडीचं, एकेचाळिसाव्या दिवसाचं. पपांच्या हातातला पेला तिने काढून बाकावर ठेवला, कार्ड उलटं करून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांचं बोट धरून कोपऱ्यातल्या त्या जागेवर नेलं, जरी बोटाला तिथे काही लागणार नव्हतं.

"हे काय?" ते म्हणाले. "तारीख तर वर आहे."

"तिथे पेन्सिलीचा ठिपका आहे, पपा. मी दिलेला. असे त्रेचाळीस आहेत." तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून सरळ निघाला. "तुमच्या काळ्यात दोन वर्षं निळा जास्त पडतोय. तुम्ही जेवायला गेलात की मी तो दाबत आलेय, आणि तुम्हाला कळू दिलं नाही. हे अचानक झालेलं नाही. सगळे आकडे माझ्या वहीत आहेत. वही घेऊन मी आत्ता डॉक्टरांकडे जाणार आहे, आणि तुम्ही माझ्याबरोबर चला."