भाकरी गार व्हायलीय

रुद्रप्पांनी याही वेळी कॉमा गाळला आणि एंटर दाबलं. पडद्यावर चूक झाल्याची पाटी आली.

“काका, परत?” आयेशानं कपाळावर हात मारला नाही एवढंच. “थांबा, धडा पुन्हा लावते.”

टॉवेलच्या कारखान्याचं हे ऑफिस. मालाच्या नोंदी वहीतून एक्सेलमध्ये न्यायच्या होत्या आणि क्लास लावायला मालक तयार नव्हते. म्हणून नव्या मॅनेजर आयेशानं यूट्यूबवरचे फुकटचे धडे शोधून काढले. सलमान नावाचा एक मुलगा ते इथल्याच बोलीत शिकवायचा. रोज चार वाजता सगळ्यांनी एक धडा बघायचा आणि करून दाखवायचा. महिनाअखेर ज्याला जमणार नाही, त्याची खुर्ची जाऊन गोदाम येणार होतं. बाकीचे विसाव्या धड्यावर पोचले होते. रुद्रप्पांची गाडी चौथ्यावर अडकली होती.

“आता हितं कॉमा द्यायचा की,” सलमान सांगत होता, तोच मागून, आतल्या खोलीतून, एका बाईची कानडीमिश्रित, जेवायला बोलावणारी हाक आली.

“सलमान, ऊटक्क बा रे. भाकरी गार व्हायलीय.”

“आलो, मावशी,” म्हणून तो पुढं शिकवू लागला.

ऑफिस हसलं. शेजारच्या टेबलावरच्या चन्नप्पानं तोच हेल काढून हाक मारून दाखवली. विनोद तीन आठवडे जुना झाला होता, तरी जेवणाच्या सुट्टीत चन्नप्पा याच हाकेनं सगळ्यांना डबे उघडायला लावायचा. रुद्रप्पा तेव्हा आपला डबा घेऊन जिन्यात जाऊन बसत.

“पालथ्या घड्यावर पाणी हाय बघा, मॅडम,” चन्नप्पा म्हणाला.

रुद्रप्पांना तो फॉर्म्युला पहिल्याच दिवशी आला होता. पण धड्यातला तो आवाज सिद्धम्माचा होता, त्यांच्या बायकोचा. सलमान तेव्हा त्यांच्याकडं वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. वर पत्रा तापतो म्हणून खाली यांच्या सोप्यात बसून धडे तयार करायचा आणि जेवायलाही तिथंच असायचा. पुढं तो पुण्याला गेला. सिद्धम्मा जाऊनही आता दोन वर्षं झाली होती. घरात तिचा फोटो होता, इरकली लुगडी होती. आवाज मात्र या एका धड्यात राहिला होता. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा रुद्रप्पा खुर्चीतून उठून उभेच राहिले होते, जेवायला निघाल्यासारखे. त्यांच्या खिशातला फोन बटणांचा, त्यावर व्हिडिओ लागत नव्हता. कुणाला सांगावं तर रडू आलं असतं, आणि ऑफिसात रडायचं कसं? त्यापेक्षा कॉमा गाळणं सोपं होतं.

सोमवारी आयेशा खुशीत होती.

“काका, तुमचं लक्ष त्या मागच्या आवाजानंच उडतंय, हे माझ्या ध्यानात आलं. मी त्या मुलाला व्हिडिओखाली तसं लिहिलं. फार चांगला आहे हो. जुना काढून टाकला आणि नवा करून घातला त्यानं.”

धडा लागला. “आता हितं कॉमा द्यायचा की,” सलमान म्हणाला आणि न थांबता पुढं गेला. मागं काहीच नव्हतं. रुद्रप्पा शेवटपर्यंत कान देऊन बसले. मग त्यांनी सगळा फॉर्म्युला लिहिला, कॉमासकट, आणि एंटर दाबलं. उत्तर बरोबर आलं.

“बघा, म्हटलं नव्हतं मी? त्या आवाजाचाच त्रास होता.”

“व्हय, बाई,” रुद्रप्पा म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खुर्ची वाचली होती. सिद्धम्मा आज दुसऱ्यांदा गेली, असं त्यांना वाटलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली. चन्नप्पानं सवयीनं डबा वाजवला.

“ऊटक्क बा रे. भाकरी गार व्हायलीय.”

हेल अगदी तिचाच होता. रुद्रप्पा डबा घेऊन दारापर्यंत गेले होते. ते माघारी फिरले आणि चन्नप्पासमोरची खुर्ची ओढून बसले. चन्नप्पा ओशाळला.

“राग मानू नका की, काका. गंमत केली.”

“राग न्हाय,” रुद्रप्पा डबा उघडत म्हणाले. “परत एकदा म्हन.”