आर्डिसचं काचेचं भांडं

तान्ह्या रेवाला दवाखान्यातून घरी आणल्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारची आर्डिस पाऊल जपत बर्फातून आमच्या दारी आली. फेब्रुवारीतली मिनेसोटाची थंडी, आणि तिच्या लोकरी हातमोज्यांत वाफाळतं चौकोनी काचेचं भांडं.

"हॉटडिश आहे, ओव्हनमधून आत्ताच काढलेली. तू मांस खात नाहीस असं कळलं, म्हणून मुद्दाम घातलं नाही. चवीपुरते हॅमचे तुकडे, बस्स."

मी हसू दाबलं. "थँक्यू, मिसेस टॉलेफसन."

"मिसेस काय? मी काय तुझ्या शाळेतली बाई आहे? आर्डिस म्हण."

शहात्तर वर्षांच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं अमेरिकेत सात वर्षं काढूनही माझ्या जिभेला जमत नव्हतं. मी तोंडाने आर्डिस म्हणायचे आणि मनातल्या मनात पुढे आजी जोडून टाकायचे.

भांडं घासताना तळाची चिकटपट्टी दिसली. तिच्यावर थरथरत्या अक्षरात तिचं नाव. इथे सगळ्याच बायका भांड्याला अशी पट्टी लावतात.

ते परत द्यायचं होतं. पण रिकामं कसं द्यायचं? आमच्या आईने शेजारची वाटीसुद्धा कधी रिकामी धाडली नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर. म्हणून शिरा करायला घेतला, रेवा रडायला लागली आणि तो करपला. गुलाबजाम केले, तर कळलं आर्डिसला मधुमेह. पुढे रेवाची पोटदुखी सुरू झाली ती मे उजाडेपर्यंत. भांडं फ्रिजवर बसून राहिलं, आणि जितके दिवस गेले तितकं त्यात काहीतरी मोठं, छान घालून द्यायला हवं असं वाटत गेलं.

जूनमध्ये ती कुंपणाशी भेटली.

"तुमचं भांडं राहिलंय हो माझ्याकडे," मी शरमून म्हटलं.

"घाई नाही गं. ये की कधीतरी कॉफीला. माझी कॉफी टाकलेलीच असते." तिने रेवाचं पाऊल मुठीत धरलं. "हे काय पाय आहेत? नुसते बटाटे!"

मी मैत्रिणीला, अश्विनीला फोन केला. ती इथे बारा वर्षांची मुरलेली. "जाशील बिशील हं," ती म्हणाली. "'कधीतरी ये' म्हणजे यांचं 'चल, निघते'. वार आणि वेळ सांगितली तरच बोलावणं समजायचं."

मलाही ते पटलं. 'इंटरेस्टिंग आहे' म्हणजे घशाखाली उतरत नाहीये, 'वाईट नाही' म्हणजे फार आवडलं. त्यांच्या भांड्यांना असतात तशा पट्ट्या मी या माणसांना लावून ठेवल्या होत्या. मग आर्डिस टपाल काढायला पेटीपाशी यायची, कागद हातात आल्यावरही आमच्या घराकडे बघत उभी राहायची, आणि मी खिडकीतून हात हलवायचे. तीही हलवायची.

ऑक्टोबरात ती गेली. झोपेतच.

अंत्यविधीच्या दिवशी मी फ्रिजवरून भांडं काढलं, त्यात मसालेभात भरला, मिरची अगदी नावाला, आणि रेवाला कडेवर घेऊन चर्चच्या तळघरात गेले. तिथे मार्लिस जेवणाची मांडामांड करत होती. आर्डिसची पन्नास वर्षांची मैत्रीण. तिने सवयीने भांडं उचलून तळ पाहिला.

"हे तर आर्डिसचं."

"बाळ झालं तेव्हा दिलं होतं. परत द्यायचं राहूनच गेलं," मी म्हटलं.

"म्हणजे ती तू!" मार्लिसने भांडं खाली ठेवलं. "अगं, बाळंतिणीला आम्ही पत्र्याच्या ट्रेमधून देतो. खाल्लं की फेकला. तिला परतफेडीचा ताप नको म्हणून. मी सांगितलंही आर्डिसला. तर म्हणाली, नाही, काचेच्यातच देणार. म्हणजे ती परत करायला येईल."

मी रेवाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"दर रविवारी मी विचारायचे, आली का तुझी शेजारीण? शेवटी म्हटलं, बये, जा आणि मागून आण. तर माझ्यावरच खेकसली. भांडं कुणाला हवंय, म्हणाली."

रेवा मार्लिसच्या कानातला डूल ओढत होती. तिने ओढू दिला.

लोकांनी मसालेभात थोडा थोडा घेतला. शेवटचा घास इथे कुणी घेत नाही, तो कोपऱ्यात तसाच राहिला. तो मी उभ्याउभ्या खाल्ला. मग बायकांनी भांडी धुऊन दाराजवळच्या टेबलावर मांडली, आणि तळ बघून जिने तिने आपापलं उचललं. एक उरलं. गरम पाण्याने त्याच्या पट्टीचं टोक सुटलं होतं. मी ते अंगठ्याने दाबलं.

"घेऊन जा गं," मार्लिस म्हणाली.

मी नेलं. पण आमच्या दाराशी न थांबता पुढे गेले, तिच्या तीन पायऱ्या चढले, एका हातात रेवा, दुसऱ्या हातात भांडं. रिकामं. कोपराने बेल दाबली. आत ती वाजलेली ऐकू आली. रेवा दाराकडे टक लावून बघत होती, कुणीतरी उघडेल म्हणून.