टिंबाचं भांडण

शिरा पडो त्या संपादकाच्या तोंडावर! बाईमाणसाने असं बोलू नये म्हणतात. मग शिकल्यासवरल्या संपादकाने माझ्या गोष्टीतलं टिंब का खावं?

मी नर्मदा. मालवणच्या बाजारात आमचं किराणा दुकान. दुपारची जेवणं आटपली की मागीलदारी पाट टाकून लिहायला बसायचं, हा माझा नेम. पाहुणे असोत, ताप असो, बसायचंच. आणि लिहिलेलं प्रत्येक बोलणं मोठ्याने म्हणून बघायचं. जीभ अडखळली की ती ओळ खोटी, खोडून टाकायची. शेजारची मथुरा कुंपणावरून विचारायची, “कोणावांगडा भांडतंस गो? घोव तर तुझो दुकानात आसा!”

ती गोष्ट मात्र मी एकाच माणसासाठी लिहिली. माझ्या वडिलांसाठी, आबांसाठी. माझी धाकटी बहीण जानकी रापणीचं जाळं ओढणाऱ्या, मासेमार घरातल्या लवूशी लग्न करून मुंबईला गेली. जातीबाहेरचं लग्न. त्या दिवसापासून आबांनी तिचं नाव टाकलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, “माका एकच चेडू.” एकच मुलगी, म्हणजे मी. मी काय कमी बोलले? पण जानकीचा विषय काढला की आबा चपला घालून थेट वाचनालयात. तिथे प्रत्येक मासिक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणार. म्हटलं, ठीक आहे, तिथेच गाठते तुम्हाला.

गोष्टीत एक बाप, रुसलेला. शेवटी त्याची मुलगी दारात येऊन उभी राहते. आता त्याने काय म्हणावं? “ये गो” लिहिलं, खोडलं. “इलंस?” लिहिलं, तेही खोडलं. दिवसचे दिवस मागीलदारी बडबडत होते. आणि मग एकदम तोंडातून आलं: “माझां इलां!”

आमच्याकडे मुलगी लहान असते तोवर “ती इली”, म्हणजे आली, असं नाही म्हणत, “तां इलां” म्हणतात. लग्न होऊन परक्या घरची झाली की मग “इली”. मुलग्याला “इलो”. म्हणजे बापाने “इलां” म्हटलं की झालं! लग्न, जात, रुसवा, सगळं गेलं, आणि दारात उभी ती त्याची परकर नेसणारी पोर. एवढंसं टिंब, पण अख्खी गोष्ट त्याच्यावर उभी होती.

आणि अंकात छापून आलं, “माझा इला!”

अंगाचा नुसता तिळपापड झाला. मुंबईहून आलेला दीर विचारतो, “वहिनी, शेवटी तो कोण आला?” आबांनी वाचनालयातून आमच्याकडे येऊन पाणी मागितलं आणि म्हणाले, “गजाल बरी आसा. पण शेवटाक हो झील खंयसून इलो?” मुलगा कुठून आला, म्हणे! आणि उठून गेले. माझी वर्षाची मेहनत, आणि त्यांना पळायला आयती वाट मिळाली! त्या दिवशी मी भात करपवला आणि वर घरातल्यांनाच बोलले.

पुढे कळलं, तेच संपादक लोंढे आमच्या वाचनालयात व्याख्यानाला येणार. विषय, ‘कथालेखकाने आपले लेखन कसे सुधारावे’. मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. आबा मागे, नेहमीच्या खांबापाशी.

लोंढे बोलत होते छान, उगाच कशाला खोटं सांगू. “रोज ठरल्या वेळी लिहा. लिहिलेलं मोठ्याने वाचा. कान हाच खरा परीक्षक. आणि एक टिंबसुद्धा जादा ठेवू नका.”

मी उभी राहिले.

“साहेब, कमी ठेवलं तर चालतं?”

“म्हणजे?”

अंक त्यांच्या हातात दिला. “ही शेवटची ओळ वाचा. मोठ्याने. आत्ताच म्हणालात ना?”

त्यांनी वाचलं, “माझा इला.” सभेत खसखस पिकली. मागून कोणी ओरडलं, “कोण इलो? मांजर?”

लोंढे लाल झाले. “बाई, नव्या नियमांप्रमाणे अनुच्चारित अनुस्वार काढतात. तुम्ही जुन्या वळणाने टिंब दिलं होतं, आम्ही शुद्ध केलं.”

“अनुच्चारित? कोणाच्या तोंडी? आमच्याकडे हे टिंब बोलतात! तुम्ही छापण्याआधी एकदा तरी मोठ्याने वाचलंत? का तो उपदेश फक्त आमच्यासाठी?” माझा आवाज चढला होता. अध्यक्ष “बसा, वहिनी, बसा” करत होते. “बसत नाही! टिंब देऊन वाचा आधी.”

बिचाऱ्यांनी प्रयत्न केला. “माझान्... इलान्.”

“तसां न्हय!” खांबापाशी काठी आपटली. आबा उभे होते, संतापाने मान हलत होती. “काय ह्यां वाचतास? नाकातसून येवक होया! आयका... माझां इलां!”

सगळ्या माना खांबाकडे वळल्या. आपल्याच तोंडातून काय निघालं ते आबांच्या कानांनी तेव्हा ऐकलं असावं. ते खाली बसले नाहीत. लोंढ्यांकडे न बघता बाहेर पडले.

मी मागोमाग धावले. अंगात राग तसाच होता, आता तो आबांवर होता. बंदराच्या वळणावर त्यांना गाठलं. “आबा, सगळां कळलां होतां ना तुमका? झिलाचां सोंग कित्याक केलात?”

ते चालतच राहिले. काठी दगडांवर आपटत होती.

“त्या मेल्याक सांग,” ते म्हणाले, “टिंब छापूक. पुढच्या अंकात. चुकलां म्हणान.”

“छापून काय होतलां आता?”

तेव्हा ते थांबले आणि माझ्यावरच खेकसले, डोळे भरलेले असताना.

“काय होतलां? टिंबाबिगर माझां चेडू घराक कसां येतलां?”