मागल्या दाराची कडी

ललितानं दुपारची अंघोळ उरकली आणि ओल्या केसांनीच परसात येऊन पाहिलं. मोरीतून निघालेलं पाणी दांडातून वाफ्याच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथंच जिरून गेलं. वेलाच्या बुंध्यापर्यंत अजून दोन हात माती कोरडीच होती. ही आजची दुसरी अंघोळ.

वेल दुधीचा. मांडवाच्या मधोमध एकच दुधी लोंबत होता आणि त्याच्या देठाला आईच्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. चिंधी बांधली म्हणजे तो बियाचा. देठ वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. हे बी आईनं, सोजरबाईनं, लग्न होऊन दौंडला येताना कवठे येमाईहून पदराच्या गाठीत आणलं होतं. दर साली एक दुधी वेलावरच पिकू द्यायचा आणि पुढच्या साली त्यातलंच बी लावायचं. घरात दुसरं बी शिल्लक नव्हतं. वेल अजून महिनाभर तगायला हवा होता, आणि शेंड्यांनी तर आताच माना टाकल्या होत्या.

आईला जाऊन तेवीस दिवस झाले होते. ललिता शिरूरच्या शाळेत शिकवायची. रजा घेऊन ती इथं राहिली होती. पेपरांचा गठ्ठा कुणीतरी एस.टी.नं पाठवला होता. एक मेला निकाल, म्हणजे पाच दिवसांत निघणं भाग होतं. तिचं मन कशातच ठरत नव्हतं. दोन पेपर तपासले की उठायची. पुस्तक उघडलं तर तेच पान पुन्हा वाचायची. यार्डात इंजिनाची शिट्टी झाली की परसात जायची आणि पानांवर बसलेली कोळशाची काजळी ओल्या फडक्यानं पुसत बसायची. आई पुसायची तशी.

नळ सकाळी दोन तास यायचा. चांगलं पाणी झाडाला ओतायची या घरात रीत नव्हती. माणसाच्या अंगावरून गेलेलं पाणीच झाडाला. म्हणून ती अंघोळी करत होती.

कुडाच्या वरून सारजाबाईचं डोकं दिसलं. ती मागच्या ओळीतली, आईच्या वयाची.

"मास्तरीण, अंगाला मळ लई झालाय का? सकाळधरनं दुसऱ्यांदा बादली वाजली."

"उकडतंय, मावशी."

"उकडतंय व्हय. आन् वेल वाळतोय."

"पाणी तर तेवढंच घालतेय. आईच्या वेळी कसा हिरवा राहायचा, कळत नाही."

"तेवढंच?" सारजाबाईनं कुडावर कोपर टेकलं. "आगं, सात जणांच्या अंघोळीवर वाढलाय त्यो. दोघांच्या पाण्यावर कसा ऱ्हाईल?"

"सात?"

"तुझी आई, आप्पा, आन् आम्ही पाच जणी. मी, झुंबर, गिता, तिच्या दोन पोरी. आमच्या घराला मोऱ्या कुठं हायेत? लुगडं आडवं धरून अंघोळ उरकायची. तवा तुझी आई म्हणली, आपापलं पाणी आणा न् माझ्या मोरीत न्हावा. अट काय, तर लाल साबण लावायचा न्हाई, वेलाला सोसत न्हाई. बेसन लावा म्हणं! हिकडं भाकरीला पीठ न्हाई, आन् आम्ही बेसन फासून न्हाणार!" ती हसली.

"मग आता का येत नाही?"

सारजाबाईनं परसाच्या पत्र्याच्या दाराकडं पाहिलं. "आतनं कडी हाय."

कडी ललितानंच घातली होती. तिसऱ्या दिवशी बायका एकामागून एक आत येत होत्या, तिला पोटाशी धरून हंबरडा फोडत होत्या. तिला रडू येत नव्हतं आणि त्यांचं रडणंही सोसत नव्हतं. त्या बाहेर पडताच तिनं कडी ओढली, ती आजवर तशीच होती. चौदा एप्रिलला वस्तीतली मिरवणूक वाजत पुढून गेली तेव्हाही. मधे एकदोनदा पहाटे पत्रा वाजला होता. शेरडं असतील, असं तिला वाटलं होतं.

संध्याकाळी तिनं वडिलांना विचारलं, "आप्पा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय. दार वाजलं बी."

"मग उघडलं का नाही?"

"कडी तू घातली व्हतीस." आप्पा तळहातावर तंबाखू मळत राहिले. "मला वाटलं, तुला कुणी म्होरं नको असंल. वेलाचं काय, पुन्यांदा लावता येतो."

"बी कुठलं लावणार?"

आप्पांचा अंगठा थांबला.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू व्हायच्या आत तिनं कडी काढली आणि ओट्यावर बसली. कुणी आलं नाही. ती उठली, दार थोडं ढकलून फटीतून पाहिलं, परत येऊन बसली. पुन्हा उठली तेवढ्यात पत्रा करकरला. सारजाबाई, मागं झुंबरबाई, मग गिताबाई आणि तिच्या पोरी. प्रत्येकीच्या हातात बादली. परसात येऊन त्या अंग चोरून उभ्या राहिल्या. रडलं कुणीच नाही. ललिताची नजर झुंबरबाईच्या मिटलेल्या मुठीवर गेली.

"झुंबरमावशी, मुठीत काय हाय?"

"काय न्हाई."

"लाल साबण चालायचा न्हाई हां."

शाळेतली भाषा सुटून घरची कधी तोंडात आली, तिचं तिलाही कळलं नाही. पोरी फिसकन हसल्या. झुंबरबाईनं मुकाट्यानं साबण ओट्यावर ठेवला. सारजाबाईनं पदर तोंडाशी नेला, मग बादली उचलून मोरीत गेली.

ललिता खुरपं घेऊन दांडापाशी बसली. पहिल्या अंघोळीचं पाणी वाफ्याच्या तोंडाशी आटलं. दुसरीचं हातभर पुढं सरकलं. तिनं दांडातली ढेकळं काढली, फुटलेली कड मातीनं लिंपली. शेंडे वाचणार नव्हते, ते तिला दिसत होतं. चिंधीखालचा देठ मात्र अजून हिरवा होता.

पाचवी बादली ओतल्याचा आवाज झाला. पाणी काडीकचरा ढकलत आलं आणि बुंध्याभोवतीच्या आळ्यात उतरलं.

"पोचलं का गं?" मोरीच्या दाराशी उभ्या सारजाबाईनं हाक दिली.

"पोचलं," ललिता पुटपुटली.

"आगं, पोचलं का?"

तिनं मातीचे हात तसेच डोळ्यांना लावले आणि साऱ्या परसाला ऐकू जाईल असं ओरडली, "पोचलं, मावशी!"